तिसरा राजा
आज लिफ्टमध्ये कुणाच्या तरी केसांच्या क्रीमचा वास आला आणि नाहूरच्या आमच्या चाळीतला गणपती आठवला. संपानंतर गिरणीतली नोकरी सुटली तेव्हापासून बाबा गोदामावर रखवालदारी करायचे. गणपतीतल्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी ते कामावरून थेट आले, क्रीम लावून केस चापून मागे वळवले आणि स्टेजवर चढले. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात इंग्रजी गाणी म्हणायचे. माईक धरून म्हणाले, “रॉक अँड रोलचा राजा लोकांनी एकाला केलं. दुसरा पियानो बडवत ओरडायचा, खरा राजा मीच! आज तिसरा ऐका.” लोक हसले. पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्यात खोकल्याची उबळ आली आणि त्यांना श्वासच पुरेना. छातीवर हात ठेवून त्यांनी मला हाक मारली, “ये गं, पुढचं तू म्हण.” कॉलेजातल्या मैत्रिणी शेजारीच बसल्या होत्या. मी म्हटलं, “मला नाही येत.” बाबा नुसते हसले आणि मांडवाचा बांबू धरत खाली उतरले. घरी आई माझ्यावर चिडली, तर तेच म्हणाले, “जाऊ दे गं, दमलोय मी.” मला ते गाणं अख्खं येत होतं, त्यांनीच शिकवलेलं. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि अजूनही येतं.