सुईचा तिसरा तुकडा

एखाद्याच्या दारात उभं राहून, आत पाऊलही न टाकता, तुम्ही त्याला कधी नापास केलंय? नाही म्हणू नका. भाडेकरू बघताना, कामाला बाई ठेवताना, सोयरीक जुळवताना सगळेच करतात. मीही केलं. तेही चार गिऱ्हाइकांसमोर, आवाज चढवून.

मी नापास केलेल्या बाईंना आमच्या भागात चेनवाल्या मावशी म्हणतात. बसथांब्यामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून त्यांची खोली. पुढे शिलाई मशीन, मध्ये पडदा, पडद्यामागे संसार. दारावर पाटी: 'चेन बदलून मिळेल.' पँटची, बॅगेची, जॅकेटची, कसलीही. कोणी शर्ट शिवायला आणला तर म्हणतात, "पुढच्या चौकात जा. मला शर्टातलं काही कळत नाही." हा विनय नाही. पँटच्या कारखान्यात बावीस वर्षं त्या एकाच खुर्चीवर बसल्या आणि बावीस वर्षं फक्त चेन लावली. अख्खी पँट त्यांनी आयुष्यात शिवलेली नाही. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, लेक लग्न होऊन लांब गेलेली. मावशींनी कारखान्यातलं आपलंच मशीन उचलून आणलं आणि दारात मांडलं. रडत बसायला त्यांना कधी जमलंच नाही, असं झेरॉक्सवाला सांगतो.

आता पावशेरचं सांगते. पावशेर म्हणजे कुत्रा. रंगाच्या दुकानामागे रिकाम्या डब्यात अडकलेला सापडला. वीतभर जीव, एक कान उभा, एक पडलेला, मागचा पाय मोडका. मी रस्त्यावरची जखमी कुत्री उचलते, बरी करते, त्यांना घर शोधते. हे मला कुठल्या शाळेने शिकवलं नाही. चावे खाऊन आणि डॉक्टरांच्या शिव्या खाऊन शिकले. म्हणूनच माझ्या नियमांचा मला भारी माज. कुत्रा हवा असेल तर आधी अर्ज भरायचा, एकवीस प्रश्नांचा. मग मी घर बघायला येणार. मी नाही म्हटलं की नाही.

पाय बरा झाला, पण पावशेर माझ्याकडे राहू शकत नव्हता. मी राहते दादा-वहिनीच्या घरात, आणि वहिनीला दमा. आधीची कुत्री अंगणात असायची, हा एवढासा आणि पाय प्लास्टरमध्ये, म्हणून आत घेतला; बरा झाल्यावर बाहेर ठेवला तर फाटकाखालून रस्त्यावर निसटायचा. वहिनी एका शब्दाने बोलली नाही. पण तिचा श्वासाचा पंप दिवसातून सहादा बोलत होता. शेवटी दादाच म्हणाला, "रविवारपर्यंत. त्यानंतर कुत्रा की तुझी वहिनी, हे मला ठरवायला लावू नकोस."

अर्ज आले दोन. एक मावशींचा, झेरॉक्सवाल्याच्या अक्षरात. मी गेले. दारातूनच दिसली ती हातभर लांबीची कात्री, टाचण्यांचा डबा, सुयांची पाकिटं.

"इथे कुत्रा ठेवणार?" मी म्हटलं. "एक टाचणी पोटात गेली की संपला. तुमचं घर आहे की टाचण्यांची गादी?"

मावशींचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. "बरं," एवढंच म्हणाल्या. मग गिऱ्हाइकाकडे वळल्या, "तुमची पँट उद्या." मी तिथेच अर्ज फाडला.

दुसरा अर्ज बंगल्याचा. हिरवळ, कुंपण, कुत्र्यासाठी वेगळी गादी. एकवीसपैकी एकवीस. मी खुशीत पावशेरला पोचवून आले. पाचव्या दिवशी, शनिवारी, बंगल्याचा ड्रायव्हर खोक्यात घालून त्याला परत घेऊन दारात.

"काय झालं?"

"साहेब म्हणाले, गालिच्यावरून उठत नाही. बाईसाहेब म्हणाल्या, उठला की मागे मागे फिरतो."

"मग नक्की चुकलं काय?"

"ताई, मी गाडी चालवतो," म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी मी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. कोणाकडे आधीच चार, कोणाकडे म्हातारे सासरे, कोणी फोनच उचलेना. उरला गावाबाहेरचा कुत्र्यांचा निवारा. तिथे साथ आली होती आणि पिल्लं पटापट मरत होती. तिथला माणूस लपवाछपवी करणारा नव्हता. म्हणाला, "आणा. पण मनाची तयारी करून आणा."

रविवारी सकाळी वहिनीने दारात पावशेरच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि खोकत आत गेली. मी त्याला बॅगेत घातला, चेन लावली, बसथांब्यावर आले. बस दिसली आणि चेन फाटली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पावशेरचं मुंडकं बाहेर.

कंडक्टर म्हणाला, "बॅग बंद असेल तर चढा."

बस गेली. पुढची तासाभराने. मागच्या गल्लीत चेनवाल्या मावशी. आलीया भोगासी म्हणून गेले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलंच नाही, बॅगेकडे पाहिलं. "रनर गेलाय. पट्टीपण उसवलीय. बसा."

"याला कुठे ठेवू?"

"खाली."

"खाली?"

"जमीन आहे ती, ताई. विस्तव नाही."

मी ठेवला नाही. छातीशी धरून मशीनशेजारी उभी राहिले. नवी चेन लागत आली आणि बॅगेच्या जाड कोपऱ्यावर टक् आवाज झाला. सुई तुटली.

"कोणी हलू नका," मावशी म्हणाल्या. आवाज मास्तरणीसारखा.

शेजारून झेरॉक्सवाला डोकावला. "सुई तुटली का? ताई, अर्धा तास विसरा आता."

"तू पण दारातच थांब," मावशी त्याला म्हणाल्या.

त्यांनी मशीनमधला सुईचा बुंधा काढून ताटलीत ठेवला. मधला तुकडा बॅगेवर मिळाला. टोक नव्हतं. त्यांनी काठीच्या टोकाला बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि भिंतीपासून दारापर्यंत जमीन विंचरावी तशी फिरवली. मी बघत होते. चुंबकाला काही चिकटलं नाही. सुईचं टोक नाही, आणि एक टाचणीही नाही.

"कारखान्यात तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे दाखवल्याशिवाय नवी सुई द्यायचे नाहीत," मावशी गुडघ्यांवर बसून बोलत होत्या. "तुकडा पँटमध्ये गेला आणि कुणाला टोचला तर? एकदा टोक सापडेना, तर अख्खी ओळ दोन तास खोळंबली. सगळ्या बाया माझ्या नावाने बोटं मोडत होत्या. पण सापडलं. आणा त्याला इकडे."

"कशाला?"

"केसांत गेलं असेल तर? तुम्हीच म्हणालात ना, पोटात गेलं की संपला."

मी गपचूप पावशेरला पुढे केला. त्यांनी त्याचे केस बोटाबोटाने उलटे करून पाहिले. कान पाहिले, पंजे पाहिले, जबडा उघडून पाहिला. मोडलेल्या पायाला हात लावला की हा माझ्यावरही गुरगुरतो. मावशींच्या अंगठ्याला मशीनचं तेल होतं, त्याचा वास घेत बसला. गुरगुरला नाही.

"याच्यात नाही," त्या म्हणाल्या आणि मग माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "हात पुढे करा."

टोक माझ्या बाहीत होतं. स्वेटरच्या विणीत रुतलेलं.

झेरॉक्सवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी एक वही काढली, तारीख घातली, तिन्ही तुकडे जुळवून चिकटपट्टीखाली बसवले. मागची पानं तशीच भरलेली. दुकान त्यांचं, तपासणारं कोणी नाही, तरी. मग नवी सुई लावली.

माफी मागायची मला सवय नाही. "मावशी, अर्ज मी फाडला. दुसरा द्याल?"

"नाही."

"का?"

"एकदा दिला होता. आता मी विचारणार. हा आजारी पडला तर फोन उचलाल?"

"उचलेन."

"भर दुपारी झोपल्या असलात तरी?"

"तरी."

"आणि मन बदललं म्हणून परत मागायला यायचं नाही. आलात तर चेन बदलून देईन, कुत्रा नाही."

"नाही येणार." मग राहवेना म्हणून विचारलं, "तुम्हाला कुत्रा कशाला हवाय?"

त्यांनी दोरा दातांनी तोडला. "दिवसभर माणसं येतात, ताई. पण सगळी उभ्याउभ्या. बसणारं कोणी नाही."

पावशेर तोवर खाली उतरला होता. पायट्याशेजारी कापडाच्या चिंध्यांचा ढीग होता, त्यात तीन गिरक्या घेतल्या आणि बसला. उठायचं नाव नाही. बंगल्यात जे खोड म्हणून गणलं गेलं, त्यावर मावशी म्हणाल्या, "शहाणा आहे. काम चालू असताना मध्ये येत नाही."

दुरुस्त झालेली रिकामी बॅग घेऊन मी घरी आले. वहिनी दारात उभी. "निवाऱ्यात?" तिने विचारलं, आणि नाही म्हटल्यावर खाली बसून रडली. तो तिथे मेला असता तर तिलाच दोष लागला असता, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. त्या दुपारी ती झोपली, आणि पंप कपाटावर तसाच पडून राहिला. दादाने मला चहा करून दिला, न सांगता. आमच्या घरात याला समेट म्हणतात.

महिन्याभराने मी न कळवता तपासणीला गेले. सवय जात नाही. पावशेर चिंध्यांत घोरत होता. वजन वाढलेलं, केस चकचकीत. मी वाकले तर मावशी म्हणाल्या, "उठवू नका त्याला. कामावर आहे."

माझ्याकडे आत्ता अंगणात एक म्हातारी कुत्री आहे. एका डोळ्याने आंधळी, शांत. तिच्यासाठी अर्ज येतात ते हिरवळवाल्यांचे. मला ते नकोत. तुमच्या गल्लीत कोणीतरी असेल, दिवसभर एका जागी बसून काम करणारं, ज्याला अर्ज बिर्ज लिहिता येत नाही आणि जे स्वतःहून मागणार नाही. उद्या त्याच्याकडे जा. कुत्रं पाळाल का, एवढंच विचारा. हो म्हणाला तर मला कळवा, अर्ज मी लिहीन.