होते जी

नारायण खोटं बोलत होता, एवढं मला दिसत होतं. फक्त नेमकं कुठलं खोटं, ते कळत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतरची पाच-सात वर्षं. नागपुरातल्या एका कापडगिरणीचा मी डॉक्टर होतो. नारायण खाप्याचा कोष्टी. घरचा माग बंद पडल्यावर गिरणीत आलेला. कार्डिंग खात्यात, म्हणजे जिथे कापूस पिंजतात आणि धुळीत समोरचा माणूस दिसत नाही तिथे, त्याची बरीच वर्षं गेली होती. आता दम लागतो म्हणून त्याला फोल्डिंग खातं हवं होतं. तिथे नुसत्या कापडाच्या घड्या घालायच्या. मॅनेजरसाहेबांना हे सगळं नाटक वाटत होतं, म्हणून ते स्वतः तपासणीला येऊन बसले होते.

"फोल्डिंगचं नाव निघालं की अर्ध्या गिरणीला दम लागतो, डॉक्टर."

एक्स-रेत क्षय नव्हता. छातीत शिट्ट्या वाजत होत्या, पण त्या मला एकट्यालाच ऐकू येणार. शेवटी पेटती काडी धरली आणि तोंड उघडं ठेवून ती विझवायला सांगितली. फुफ्फुसात जोर नसला की ती विझत नाही. विझली नाही.

"मनात आणलं तर माझ्याकडूनही विझणार नाही," साहेब म्हणाले. त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

राहता राहिली रोजच्या कामांची चौकशी. अशा रोग्यात किती दम उरलाय, ते त्याच्या घरच्या कामांवरून बरंच कळतं.

"आंघोळ होते?"

"होते जी."

"पाणी भरणं?"

"होते जी."

"बाजारहाट?"

"थे बी होते."

"लिहा फिट!" साहेब उठलेच.

मला मात्र शंका आली. हलकं काम हवं असलेला माणूस रडगाणं गाईल. हा गडी तक्रारच करेना, आणि एवढं बोलतानाही धापा टाकत होता. बाहेर त्याची बायको यमुना त्याचा डबा घेऊन बसली होती. तिला आत बोलावलं.

"घरी पाणी कोण भरतं?"

"मीच जी."

"बाजार?"

"मीच."

"आणि यांची आंघोळ?"

ती लाजली. "थे बी माह्याच हातानं."

"मग हे तर सगळं होते म्हणतात!"

"होतेच न जी! घरात काही अडून राहिलं काय?"

नारायण खाली बघत म्हणाला, "नाही होत म्हटलं असतं, तं तुमी मले अनफिट लिहून घरी धाडलं असतं."

म्हणजे मी त्याच्यावर संशय घेत होतो, तेव्हा तो माझ्यावर घेत होता.

"बायकोही पढवून आणलीय," साहेब पुटपुटले.

यमुनाचं तिकडे लक्षच नव्हतं. तपासणीसाठी काढलेला सदरा तिने उचलला. न सांगता त्याने हात जरासा वर केला. तिने एक बाही चढवली आणि त्याचा श्वास खाली बसेपर्यंत थांबली. मग दुसरी. मग बटणं. दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

साहेब बघत राहिले. "फोल्डिंगला घ्या," शेवटी म्हणाले. "पण मी लक्ष ठेवणार."

ठेवलंही. नारायणचं दम लागणं काही गेलं नाही, नोकरी मात्र टिकली. तेव्हापासून 'होतं का?' हा प्रश्न मी टाकून दिला. 'कोण करतं?' एवढंच विचारतो.

दिवाळीनंतर तो गेटवर भेटला. "आंघोळ?" मी विचारलं.

"होते जी," तो सवयीने म्हणाला आणि हसला. "पाणी थेच टाकते. बटनं आता मी लावतो."