बाळ सोपवलं तेव्हा

जळगाव जामोदकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. एका सकाळी आदल्या दिवशी बाळंत झालेली मुलगी मला हळूच म्हणाली, "सिस्टर, याले देवळाच्या पायरीवर ठेवलं तं कोणी नेईन का हो?"

वीस-एकवीस वर्षांची असेल. लग्न झालेलं नव्हतं. आईबाप लहानपणीच गेले, मावशीनं वाढवलेली. ती मावशी बाळाकडे पाठ करून बसलेली.

मी खाटेवर टेकले. "पायरीवर कुत्री असतात, बाई. बुलढाण्याला बाल कल्याण समिती आहे. तिथं बाळ रीतसर सोपवता येतं. तुझं नाव बाहेर जात नाही."

"अन् पोलीस?"

"बाळ टाकून दिलं तर गुन्हा. समितीच्या हाती दिलं तर नाही."

तिला दवाखान्यातून सुटी मिळाल्यावर डॉक्टरांनी समितीला कळवलं आणि मी बाळासह मावशी-भाचीसोबत एसटीनं बुलढाण्याला गेले. समितीतल्या बाईंनी आम्हाला बाहेर बसवलं आणि कोणाची जबरदस्ती नाही ना, हे तिला एकटीला विचारलं. मग म्हणाल्या, "दोन महिने विचार कर. मन बदललं तर बाळ तुझंच." तिनं सही केली. शिशुगृहाची बाई बाळ घ्यायला पुढे आली, तशी मावशी उठली.

"जरा द्या इकडं."

पहिल्यांदाच घेतलं तिनं त्याला. टोपी कानांवर ओढली, आणि मग सोडेचना.

परतीच्या एसटीत मुलीला पान्हा फुटला, ब्लाऊज भिजला. मावशीनं आपला पदर तिच्या अंगावर टाकला.

महिनाभरानं मावशी एकटीच माझ्या क्वार्टरवर आली. "सिस्टर, मी पाळीन त्याले. आणता येते का?"

"आणता येतं. पण ते तिनं ठरवायचं."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. मुलीनं मावशीचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लोकं त्याले जगू देतीन का, मावशी? त्याले आई-बाप दोनी पायजेत."

"अन् तुले?"

"मले तू हायेस ना."

मावशी पदरात तोंड घालून रडली. मुलगी तिची पाठ चोळत राहिली.

पुढे समितीत विचारलं तेव्हा बाळ दत्तक गेल्याचं कळलं. कुठे, ते सांगत नाहीत. मी दोघींना बोलावून हे सांगितलं. मावशीनं विचारलं, "बरे लोक हायेत ना?"

"चौकशी करूनच देतात," मी म्हटलं. याहून जास्त मलाही ठाऊक नव्हतं. मुलगी एवढंच म्हणाली, "बरं झालं, सिस्टर," आणि मावशीला घेऊन घरी गेली.