सारस बघायला गेले आणि विहिरीत डोकावले

माझी सख्खी बहीण वीस वर्षांपासून गोंदियात राहते आणि मी तिच्याकडे आजवर दोनदा गेले होते, दोन्ही वेळा लग्नाला. लग्नात काय दिसतं? मांडव आणि नातेवाईक. महाराष्ट्रात सारस पक्षी बघायचा तर जवळजवळ गोंदियालाच जावं लागतं, ही माहिती मला बहिणीने नाही, ऑफिसातल्या एका पक्षीवेड्याने दिली. तेव्हा या मार्चमध्ये चार दिवसांची रजा टाकली. सारस पाहिले. शिवाय माझ्या भाऊजींचा पेट्रोल पंप बंद पडला, तोही माझ्यामुळे. तुम्ही जाणार असाल तर पहिला भाग जरूर करा, दुसरा टाळता आला तर बघा.

नोकरी म्हणाल तर मी रायगडातल्या एका इंधन डेपोत सुरक्षा अधिकारी आहे. म्हणजे दिवसभर टँकरवाल्यांना "हेल्मेट कुठंय?" विचारायचं आणि त्यांनी "केबिनमध्ये आहे, मॅडम" सांगायचं. केबिनमध्ये हेल्मेटला कधीही इजा झालेली नाही.

गुरुवारी संध्याकाळी कल्याणहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली. खालचा बर्थ हवा असेल तर महिनाभर आधी तिकीट काढा. नागपूरला अर्धा डबा उतरतो, त्यानंतर खुशाल पाय पसरा. तिरोड्याला वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या की बॅग खाली काढा, पुढे गोंदिया. स्टेशनबाहेर तीस रुपयांत तर्री पोहे मिळतात आणि नाक फुकटात मोकळं होतं. ताईकडे कुडव्याला जाताना ऑटोवाल्याला सारसांबद्दल विचारलं, तर म्हणाला, "सारस देखना है तो सुबह जाना, मैडम. धूप में तो हम भी नहीं निकलते, वो क्यों निकलेंगे."

ताईचं घर कुडव्यात आणि भाऊजींचा पंप तिथून थोडा पुढे, तिरोडा रोडला. भाऊजी म्हणजे मोठा आवाज आणि त्याहून मोठं मन. मी पोहोचले तोवर त्यांनी माझ्यासाठी तीन प्रकारची लोणची आणून ठेवली होती, कारण वीस वर्षांपूर्वी मी कधीतरी लोणचं मागून घेतलं होतं. जेवायला लाखोळीच्या डाळीची भजी, वांग्याची भाजी आणि भात. या घरात भाताला 'थोडा' असं माप नाही.

"मंजू, तुझं एक काम होतं," भाऊजी दुसरा भात वाढता वाढता म्हणाले. "सोमवारी कंपनीचे लोक येऊन राहिले तपासणीले. आग लागली तर काय करायचं, त्या मॉक ड्रिलच्या रजिस्टरात तुझी एक सही पाहिजे."

"ड्रिल कधी झाली?"

"सही झाली म्हणजे झाली."

मी म्हटलं, उद्या खरी ड्रिल घेऊ, मग सही करते. भाऊजींनी ताईकडे असं पाहिलं, जसं काही ही बहीण हुंड्यात न सांगता गळ्यात पडली होती. मग विषय बदलायला म्हणाले, पंपामागच्या देवकाबाईच्या विहिरीला वास येतोय, तर रविवारी माणूस उतरवून ती स्वतःच्या खर्चाने साफ करून देतोय. शेजारी आहे, एवढं तर करावंच लागतं. मी तोंड भरून कौतुक केलं. पंधरा वर्षं इंधनात नोकरी करणाऱ्या बाईने पंपामागच्या विहिरीला वास येतो हे ऐकलं आणि आणखी दोन भजी घेतली. रवंथ करणाऱ्या म्हशीनेही एकदा तरी मान वर केली असती.

शनिवारी पहाटे ताईची स्कूटर घेऊन बिरसीकडे निघाले. विमानतळाच्या कुंपणाला वळसा घातला की रस्ता अरुंद होतो. तिथे कुणालाही 'बोडी कुठे' म्हणून विचारा. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. मला तिथे जोडी दिसली. माणसाएवढी उंच, राखाडी, डोक्यापासून मानेपर्यंत लाल. वर शिकाऊ वैमानिकांचं विमान घिरट्या घालत होतं, घरघर करत, आणि सारसांनी एकदाही मान वर केली नाही. नर दोन पावलं चालायचा, थांबायचा, मादी आली की पुन्हा दोन पावलं. मी बांधावर तासभर बसून राहिले. फार जवळ जाऊ नका, गाडी लांब लावा आणि धानाच्या बांधीत पाय घालू नका. शेतकरी ओरडतो, आणि बरोबरच ओरडतो.

दहा वाजता पंपावर ड्रिल. आग विझवायच्या चार लाल बादल्यांपैकी दोन वाळूने भरलेल्या होत्या आणि दोन खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पिचकाऱ्यांनी. आग विझवायच्या सिलिंडरला हळदकुंकू लावलेलं, गळ्यात वाळका हार. दसऱ्याला पूजा झाली होती. ओढून काढायच्या पिनेला लाल धागा इतक्या श्रद्धेने गुंडाळला होता, की पिन निघायला साक्षात देवीच यावी लागली असती. श्यामराव, म्हणजे पंपाचे जुने मॅनेजर, कात्री घेऊन आले. धागा कापण्याआधी त्यांनी सिलिंडरला नमस्कार केला.

टाकीच्या झाकणापाशी डब्यावर ताईची लाल ओढणी अंथरली आणि जाहीर केलं, ही आग. मी शिट्टी वाजवली. पंपावरचे तिघेही पाण्याच्या बादल्या घेऊन धावले आणि ओढणी चिंब झाली.

"पाणी नाही!" मी ओरडले. "पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नाही. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, आग पसरते. वाळू टाका."

गंमत बघायला तारेच्या कुंपणापलीकडे देवकाबाई उभी होती. पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात पाण्याची रिकामी गुंडी. पंपाला लागून तिची धानाची शेती, तिथेच घर. तिने शांतपणे विचारलं, "अन् पाण्यातच पेट्रोल असन, बाई, तं मंग का टाकाचं?"

सगळे हसले. भाऊजी सर्वात मोठ्याने हसले. देवकाबाई हसली नाही. तिने खरोखरच विचारलं होतं.

मी कुंपणाला वळसा घालून तिच्या विहिरीवर गेले. डोकावायचीही गरज नव्हती, दहा पावलांवरूनच डेपोचा वास आला. पाण्यावर रंगीत तवंग. दिवाळीपासून वास येतोय, देवकाबाई म्हणाली, होळीपासून ढोरंही तोंड लावत नाहीत, पिण्याचं पाणी ती हातपंपावरून डोक्यावर आणते. तिच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर लांबच्या खांबावर होता. मी तो मुळातून बंद करून घेतला, चुकून ठिणगी पडायला नको म्हणून. तिला म्हटलं, इथे काडी ओढायची नाही, कोणालाही बिडी ओढू द्यायची नाही. ती म्हणाली, "उद्या मोतीराम उतरनार हाये ना. माहा दीर."

तर असा हा प्रश्न होता. पेट्रोलची वाफ जड असते, विहिरीत तळाला साचते. त्यात माणूस उतरला तर दोन मिनिटांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. आमच्या प्रशिक्षणात हे एका चकचकीत चित्रातून दाखवतात. मोतीराम चित्रात नव्हता.

परत येऊन श्यामरावांना विचारलं, टाकीचं माप काय म्हणतं? जमिनीखालच्या टाकीत लांब पट्टी सोडून रोज साठा मोजतात. त्यांनी आवाज खाली घेतला. "रात्री पंप बंद करताना पाहातो अन् सकाळी पाहातो. रातभर कोनी एक थेंब विकत नाई, तरी नखभर कमी राह्यते. साहेबाले सांगतलं मी. साहेब म्हणे, तपासनी होऊन जाऊ दे."

साहेब केबिनमध्ये कूलरसमोर बसले होते. "उन्हानं उडते, मंजू. पेट्रोल आहे, दूध थोडीच आहे."

"झाकण बंद असताना, जमिनीखालून, रात्रीचं? उडून जातं कुठे, भाऊजी? देवकाबाईच्या विहिरीत?"

त्यांनी कूलर बंद केला. म्हणाले, टाकी जुनी आहे, मला माहीत आहे. सोमवारची तपासणी पार पडली की मंगळवारी टाकीचं काम काढतो. आता बोललो तर पंप सील होईल, पुन्हा कधी चालू होईल कोण जाणे. मी म्हटलं, मोतीराम उतरणार नाही. ते लगेच म्हणाले, "ठीक आहे, नाही उतरवत. पण टाकीचं नाव कायले घेतेस? विहिरीत गॅस झाला म्हण. गावात होतेच गॅस."

आणि मी "बरं" म्हणाले. माणूस तर उतरणार नव्हता, मग नसती आफत कशाला, असं मनाशी म्हटलं. ताईचा संसार, पंप, तीन प्रकारचं लोणचं, सगळं डोळ्यांपुढे होतं. आज ते लिहिताना लाज वाटते, तेव्हा फारशी वाटली नाही.

रविवारी सकाळी भाऊजी आणि मी देवकाबाईकडे गेलो तेव्हा मोतीराम विहिरीपासून दूर मोहाच्या झाडाखाली दोर तपासत होता. हडकुळा, चाळिशीचा माणूस. दोराची वीत न् वीत बोटांतून काढत होता, कुठे झिजलाय का ते बघत. मी म्हटलं, "मोतीरामभाऊ, आज उतरू नका. विहिरीत गॅस झालाय."

"गॅस असन तं मालूम पडते, बाई," तो म्हणाला. "आमी तसे नाई उतरत. बुढ्यानं शिकवून ठेवलं हाये, पयले कंदील सोडाचा. खाली जाऊन इझला, तं मानूस जात नाई. नाई इझला, तं जाते." आणि त्याने पिशवीतून कंदील काढला, काच वर केली, काडी ओढली. वात पेटली. कंदील दोराला बांधून तो उठला.

पंधरा वर्षांच्या नोकरीत सुरक्षेचा नियम मनापासून पाळणारा हा पहिलाच माणूस मला भेटला होता. जिल्ह्यातल्या बाकी सगळ्या विहिरींवर त्याचं बरोबर होतं. आणि 'गॅस' हा शब्द मीच त्याला दिला होता, म्हणूनच तो जळता कंदील घेऊन निघाला होता.

मी आडवी झाले. "थांबा. खाली पेट्रोल आहे. कंदील सोडला तर विहीर पेटेल. तुम्ही काठावर असलात तरी वाचणार नाही."

"पेट्रोल?" तो जागीच उभा राहिला. "कोनाचं?"

भाऊजी माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. "भाऊजींच्या टाकीतलं. टाकी गळतेय. दिवाळीपासून."

मग भाऊजी पुढे आले, मोतीरामच्या हातातून कंदील घेतला, पाठ फिरवून पार रस्त्यापर्यंत चालत गेले आणि तिथे फुंकर मारून विझवला. परत आले तेव्हा त्यांचा मोठा आवाज कुठेतरी राहिला होता. "ती बरोबर सांगून राहिली, देवकाबाई. माझीच टाकी आहे. मला मालूम होतं."

देवकाबाई म्हणाली, "मले वाटलंच होतं. पर तुमी तं म्हनत होते का माह्याच मोटारीचं ऑइल सांडलं."

तासाभरात श्यामरावांनी पंपाच्या दोन्ही तोंडांना ड्रम लावले आणि भाऊजींनी स्वतः कंपनीला फोन केला. दुपारपर्यंत टाकी उपसायला रिकामा टँकर आला. विहिरीभोवती काटेरी फांद्या रचल्या. सोमवारी तपासणीवाले आले ते वेगळ्याच तपासणीला.

परतीच्या गाडीला सोडायला एकटी ताई आली. तिच्या हातातल्या डब्यात भजी होती. म्हणाली, "पुन्हा ये सारस बघायला. पण पंपाकडे पाठ करून बस." मग डोळे पुसले. ती माझ्यावर चिडली होती की नवऱ्यावर, हे तिलाही सांगता आलं नसतं.

या गोष्टीला दोन महिने झाले. टाकी उकरली, तळाला मोहरीएवढी भोकं निघाली. वासाची माती ट्रकने उचलून नेली. पंप अजून बंद आहे. भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत, पण देवकाबाईकडे रोज सकाळी पाण्याचे कॅन स्वतः पोहोचवतात, असं ताईकडून कळलं. मी डेपोत सह्या करताना आता फार वेळ लावते आणि सहकारी वैतागतात. सारसांचे फोटो बरे आले आहेत, खाली टाकलेत.

परवा देवकाबाईचा फोन आला. ताईकडून नंबर घेतला होता. कंपनीचे लोक पाण्याचे नमुने घेऊन जातात, म्हणाली, आणि प्रत्येक जण वेगळी तारीख देतो. "तुमी त्याच कामातल्या हा. माही इहीर कधी साफ होईन, सांगा."

मी म्हटलं, "मला माहीत नाही, देवकाबाई. वर्षं लागतील. कदाचित पूर्ण साफ होणारही नाही."

मग ती म्हणाली, "मालूम नाई असं सांगनाऱ्या तुमीच पयल्या. थांबा, मोतीरामले फोन देतो. थो दुसरी इहीर खोदू म्हनून रायला. त्यालेबी सांगा, कुठं खोदाची अन् कुठं नाई."