मुद्देमाल खोलीत गोठलेली बाटली

नोकरीत चोर-दरोडेखोर पुष्कळ पाहिले, ते आता विसरलोही. पण हिवाळ्यात घरातलं खोबरेल गोठलेलं दिसलं की सक्करदऱ्याची ती बाई आठवते.

ती चायनीजची गाडी लावायची. नवरा आधी मागावर साड्या विणायचा, आता ई-रिक्षा चालवायचा. एका संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त कारकुनांनी तिच्या गाडीवरच्या बाटलीतलं व्हिनेगर नूडल्सवर ओतलं, एक घास घेतला आणि तोंड धरून खाली बसले. जीभ, घसा, सगळं भाजलं. दवाखान्यातून निरोप आला की हे ॲसिड आहे, जबाब घेण्याच्या स्थितीत पेशंट नाही.

तासाभरात ठाण्यात त्याच गल्लीतल्या कोणाचा तरी फोन आला. "साहेब, त्या बाईनं जाणूनबुजून केलंय. गाडीच्या जागेवरून दोघांचं वाजलं होतं." चौकशी केली तर भांडण खरं निघालं. कारकुनांनी महापालिकेत तक्रारही केली होती. तरी दर शनिवारी खायला तिच्याकडेच जायचे; माणसं अशीच असतात. पण मला हेतू सापडला होता आणि कबूल करतो, मी खूश झालो. तिला ताब्यात घेतलं.

महिला शिपायाच्या समोर विचारपूस सुरू केली. ती रडत नव्हती, एकच सांगत होती.

"साहेब, सकाळी बाटली आली तं गोठून होती. खोबरेल तेलावानी. मी उन्हात ठेवली, तवा पातळ झाली. वास नाकात झोंबला, म्हनलं माल चांगला दिसते."

"व्हिनेगर कधी गोठतं का बाई? दुसरी काही थाप असेल तर सांग."

"मले काय मालूम, साहेब? जे झालं ते सांगून राहिली."

जबाब लिहिणाऱ्या शिपायानं माझ्याकडे पाहिलं. हे लिहू का, असा प्रश्न होता. "राहू दे," मी म्हणालो.

तिला माल देणारा पुरवठादार ॲसेटिक ॲसिडचे कॅन आणून, पाणी घालून व्हिनेगर तयार करायचा. तो शांत होता. "माझ्या सगळ्या बाटल्या सारख्या. बाईनंच वरून काही टाकलं असेल," म्हणत त्यानं गोदामातली एक बाटली आपणहून दिली. तिची आणि त्याची, दोन्ही बाटल्या पंचांसमोर सील करून मुद्देमाल खोलीत ठेवल्या. प्रयोगशाळेला पाठवायचं पत्र मात्र दोन दिवस माझ्याच टेबलावर पडून राहिलं. आरोपी हातात होती, घाई कशाची?

तिसऱ्या दिवशी सकाळी चांगलाच गारठा होता. मुद्देमालाचा हवालदार आला, चेहरा पडलेला. जाऊन पाहतो तर बाईची बाटली पांढरी, घट्ट, दगड! शेजारची पुरवठादाराची मात्र पाण्यासारखी. माझं डोकंच फिरलं.

"बाटली कोणी बदलली? कोणाच्या सांगण्यावरून?"

"पोराची शप्पथ जी, साहेब, हात नाही लावला. सील पहा नं तुम्ही." त्याच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यानं चाव्यांचा जुडगा माझ्यापुढे धरला.

सील शाबूत होतं. आणि तेव्हा मला ते आठवलं. खोबरेल तेलावानी. बाहेर ई-रिक्षा लावून तिचा नवरा तीन दिवसांपासून बसला होता. त्याच्याकडे न बघता मी बाटल्या घेऊन प्रयोगशाळेत गेलो.

तिथल्या रसायनतज्ज्ञ मॅडमनी आधी बाईची बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवली. थोडा द्रव नळीत घेऊन थर्मामीटर घातला, नळी बर्फात धरली आणि हलवत राहिल्या. पारा उतरत सोळा अंशांच्या आसपास आला आणि थांबला. नळीत पांढरे कण धरू लागले. मग नळी कोमट पाण्यात धरली, तर पारा पुन्हा तिथेच अडला आणि सगळं वितळेपर्यंत हलला नाही. पुरवठादाराचा नमुना त्याच बर्फात बराच वेळ राहिला, पण गोठला नाही.

"हे ॲसिड सोळा-सतरा अंशांनाच गोठतं, पण पाणी घातलं की असं सहज गोठत नाही," त्या म्हणाल्या. "बाईच्या बाटलीत पाणी जवळपास नाहीच. निव्वळ ॲसिड आहे." मग माझ्याकडे वळून विचारलं, "साहेब, अशी एकच बाटली आहे ना?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

पुरवठादाराला बसवून मी एवढंच विचारलं, "माल पाठवायच्या आदल्या दिवशी ॲसिडचा कॅन उन्हात ठेवला होता का?" त्याचा चेहरा उतरला. कॅन गोठला होता. उन्हात ठेवून जेवढं वितळलं तेवढं समोरच्या लेबल लावलेल्या बाटल्यांत काढलं, पाणी नंतर घालायचं होतं. तेवढ्यात माल गाडीत चढला आणि रात्रीच्या थंडीत पुन्हा गोठला. अशा तीन बाटल्या गेल्या. त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, पण तो भीतीनं गप्प बसला.

एक सक्करदऱ्याची. दुसरी नंदनवनात गाडीखाली बंद सापडली. तिसरी प्रताप नगरला. तिथला गाडीवाला लग्नाला उमरेडला गेलेला, फोन बंद. पत्ता विचारत घर शोधेपर्यंत देवाचं नाव घेत होतो. दार त्याच्या बायकोनं उघडलं. दोन दिवस बाटली खिडकीत उन्हाला ठेवली होती. आता ती ओट्यावर होती, झाकण काढलेलं, आणि बाजूला व्हिनेगरात मुरवायला चिरलेल्या कांद्याचं पातेलं.

"वहिनी, हात लावू नका!" मी एवढ्या जोरानं ओरडलो की शेजारी धावत आले.

कारकुनांचा जीव वाचला, आवाज कायमचा बसला. बाईला सोडताना मी स्वतः तिचा जबाब नव्यानं लिहिला आणि वाचून दाखवला. अंगठ्याला शाई लावून ती थांबली.

"हेच तं मी पयल्या दिवशी सांगून राहिली होती, साहेब. तवा काहून नाही लिहिलं?"

मी कागद तिच्यापुढे सरकवला. त्यानंतर माझ्या ठाण्यात कोणाचं कितीही वेडगळ वाटलेलं वाक्य जबाबातून गाळू दिलं नाही. सहकारी हसायचे, हसू द्या. हवालदाराची मी माफी मागितली, तिची मागायची राहिली. प्रताप नगरच्या ओट्यावर चिरून ठेवलेला तो कांदा मला अजून दिसतो.