सुकटीची बरणी

ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितली नाही. तो गेला, तरी माझ्या पोटातच राहिली. आता तुम्हाला सांगते — लपवून लपवून दमले, दुसरं काही नाही.

बडोद्याच्या एका इस्पितळात मी नर्स होते. वडील रेल्वेत, मूळचे रत्नागिरीकडचे. मासळीशिवाय आमच्या घरी घास उतरत नसे. पण आडनावावरून वॉर्डातल्या बायका मला ब्राह्मण समजल्या, आणि मी — समजू दिलं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? दुपारी सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे, थेपले, शाक वाटून खायचे. त्या टेबलावरची माझी जागा गेली असती. एवढंच.

खरं ठाऊक होतं ते फक्त अन्नम्माला. तीही नर्स, केरळची. सुट्टीच्या दिवशी सयाजीगंजातल्या तिच्या खोलीवर आम्ही दोघी माझ्या आईने केलेली सुकटीची चटणी भाताबरोबर बोटं चाटत खायचो.

एकदा आईने तिच्यासाठी बरणी भरून दिली. ती नर्सेसच्या खोलीतल्या कपाटात कलंडली — सुकटीचा वास, तो काय लपतो? हेड सिस्टर ज्योत्स्नाबेन नाक दाबून आल्या. "आ कोनुं छे?" सगळ्यांनी अन्नम्माकडे पाहिलं. आणि मी? मीही तिच्याकडेच पाहिलं. नाकाला रुमाल लावून.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी बोलेन असं वाटलं असेल तिला. मग म्हणाली, "मेरा है, सिस्टर," आणि बरणी उचलून घेऊन गेली.

तेव्हापासून ती चादरींच्या खोलीत एकटी जेवायची. मी टेबलावर. मला घास गोड लागत नव्हता असं सांगू का? लागत होता हो — तेच तर सांगतेय.

काही दिवसांनी बरणी माझ्या पिशवीत सापडली. भांडं रिकामं परत करू नये, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. आत माशाचं लोणचं होतं, काठोकाठ.

घरी सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं. आईने बरणी घासूनपुसून ठेवली आणि विचारलं, "त्या पोरीला आता काय भरून देऊ गं?"

मी म्हटलं, ती नोकरी सोडून गेली.

अन्नम्मा कुठेही गेली नव्हती. पुढेही कितीतरी वर्षं तिथेच होती, चादरींच्या खोलीत जेवत.