डोकं कोरडं ठेवून या

"तेल लावून आलात का? चला मग नळापाशी!"

डोक्याला तारा लावून मेंदूच्या लाटांचा आलेख काढणाऱ्या आमच्या ताईंचं हे रोजचं स्वागत. त्याच दवाखान्यात मी केसपेपर काढायचे. तुम्हीही पाहिलं असेल, फोनवर कितीही बजावा, पण दवाखान्यात जायचं म्हटलं की आमच्याकडची बाई तेल चोपडून, चापूनचोपून वेणी घालूनच निघणार. तेलकट डोक्यावर तार बसत नाही. मग ताईच पाणी तापवायच्या.

राजुरीच्या एका आजींना त्यांचा मुलगा घेऊन आला. आजींना कालचं आज आठवत नव्हतं. ढवळी गाईची एकदा काढलेली धार पुन्हा काढायला बसायच्या. "वय झालं, दुसरं काय," मुलगा म्हणाला. "आता ढवळीला बेल्ह्याच्या बाजारला विकायला नेतो." आजींनी पदर तोंडाला लावला. मला त्याचा असा राग आला!

आजींच्या डोक्यात पावशेर तेल. ताईंनी कोमट पाण्याने दोनदा चोळून धुतलं, पुसलं, तारा लावल्या. जागेपणीचा आलेख स्वच्छ निघाला. मुलगा निघायला उठलाच. ताईंनी त्याला अडवलं.

"थांबा की, राव! खरी परीक्षा झोपेत असती. मेंदूत खोल हिप्पोकॅम्पस म्हणून एक भाग हाय. झोपेत तो लाटा सोडतो, दिवसभराचं पुन्हा घोकतो, तवा ते पक्कं बसतं."

"मला परक्या जागी झोप न्हाई लागायची," आजी म्हणाल्या. पण न्हालेलं डोकं ते! पाच मिनिटांत घोरायला लागल्या. आणि कानशिलाजवळच्या तारांत टोकदार लाटा उसळल्या. ताईंनी डॉक्टरांना हाकच मारली. बाहेरून न दिसणारी बारीक फिट होती, नेमकी घोकायच्या वेळी येणारी. आणि गोळ्यांनी आटोक्यात येणारी!

"म्हातारचळ नाय न् काय नाय!" ताई मुलाला म्हणाल्या. "ढवळीला बाजार दाखवलात तर माझ्याशी गाठ हाय."

काही महिन्यांनी आजी पुन्हा तपासणीला आल्या. हातात चिकाचा डबा. ढवळी व्याली होती. ताई सवयीने पाणी तापवायला निघाल्या.

"पाणी कशाला गं, बाये?" आजींनी डोक्यावरचा पदर सारला. "तूच म्हणलीवतीस ना, तेल लावू नगं? माझ्या ध्यानात व्हतं."

ताईंनी ते कोरडं ठणठणीत डोकं दोन्ही हातांत धरून अख्ख्या दवाखान्याला दाखवलं. हसत होत्या, डोळे पुसत होत्या. मी तर टाळ्याच वाजवल्या.

ताई आता निवृत्त झाल्या. पाणी मी तापवते. सगळ्या अजून तेल लावूनच येतात. राजुरीच्या आजी तेवढ्या नाही.